युरोप टूर काढणाऱ्या मंडळींना खुलं पत्र : जर्मनीतल्या एका जुन्या गावाला एक रात्र द्या

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी नाशिकची, बँकेत चौतीस वर्षं काढली, आधी कॅशियर मग ऑफिसर, आता रिटायर्ड. तुमच्यापैकी एकाची मी गिऱ्हाईक होते, कुणाची ते सांगत नाही कारण तक्रार एकट्या कंपनीची नाहीच. सध्या पाच-सहा जणांची ब्रोशर डायनिंग टेबलवर मांडून बसलेय आणि वरची नावं झाकली तर जर्मनीची पानं कुठली कुणाची ते ओळखू येणार नाही. म्युनिक, ब्लॅक फॉरेस्ट, ककू क्लॉक, हायडेलबर्गला फोटो स्टॉप, आणि ऱ्हाईन फॉल्स, जो मुळात स्वित्झर्लंडात आहे पण तुम्ही तो जर्मनीच्या दिवसात कोंबता. आणि मग एक ओळ, "मध्ययुगीन जुन्या शहराचा फेरफटका". त्या ओळीबद्दल बोलायचंय.

पहिली टूर मी आणि मिस्टर गेलो होतो, २०१७ साली. त्या ओळीत आम्हाला रोथेनबुर्ग मिळालं होतं. बस तटबंदीच्या बाहेर लागली, टूर लीडरने घड्याळ दाखवलं, पन्नास मिनिटं, उशीर करणाऱ्याने बसमध्ये गाणं म्हणायचं. त्या पन्नासातली वीस टॉयलेटच्या लाइनीत गेली कारण आम्ही बेचाळीस जण आणि बायका जास्त, पंधरा त्या ख्रिसमसच्या दुकानात, आणि उरलेल्यात मी श्नीबाल नावाचा एक पिठीसाखरेने माखलेला गोळा घेतला, पीठ लाटून पट्ट्या कापून गुंडाळून तळलेला, आपल्या चिरोट्याची चुलतबहीणच म्हणा, तोही बसमध्ये चढता चढता खाल्ला आणि साखर साडीवर सांडली. झालं आमचं मध्ययुग. नंतर घरी येऊन वाचलं की तिथल्या तटावरून वर छपराखालून चालता येतं, ३१ मार्च १९४५ ला बॉम्ब पडून गावाचा मोठा भाग गेला होता आणि तट परत बांधायला जगभरातल्या लोकांनी पैसे दिले, त्यांची नावं कोरलेले दगड त्या भिंतीत बसवलेत, जपान्यांची पण आहेत. आम्ही त्याच भिंतीला पाठ लावून बसची वाट बघत उभे होतो हो! कुणी सांगितलं असतं तर मान वळवून बघितलं तरी असतं.

मिस्टर गेले २०२१ ला. त्यानंतर २०२३ च्या जूनच्या शेवटी मी एकटी गेले, टूरने नाही, भाचीकडे. ती रेगेन्सबुर्गला असते, गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत. मी आधी ते नावच ऐकलं नव्हतं, तुमच्या ब्रोशरात नव्हतं ना. म्युनिकहून ट्रेनने दीड तास, न्यूरेंबर्गहून एक तास. म्हणजे तुमची बस म्युनिकपर्यंत जातेच, पुढे दीड तास. नऊ दिवस राहिले आणि परत येताना विमानात मनातल्या मनात हे पत्र लिहायला घेतलं, ते आता लिहितेय, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी ते गाव काय आहे ते सांगते, म्हणजे माझी मागणी कळेल. डॅन्यूब नदीच्या काठी आहे. रोमनांनी इसवी सन १७९ मध्ये, मार्कस ऑरेलियस बादशहा असताना, तिथे लष्कराचं मोठं ठाणं बांधलं, कास्त्रा रेजिना नाव, सहा हजारांच्या आसपास सैनिक. त्या ठाण्याचा नदीकडचा दरवाजा अजून उभा आहे. कुठे? एका पांढऱ्या इमारतीच्या भिंतीत. शेकडो वर्षं गिलाव्याखाली झाकला गेला होता, तिथे बिशपची ब्रूअरी होती, १८८५ मध्ये काम काढलं तेव्हा आतून हे राक्षसी दगड निघाले. आता खिडक्यांच्या मधोमध काळसर कमान आणि बाजूला बुरुजाचा तुकडा, आणि शेजारी लोक बिअर पीत बसलेले. मी त्या दगडाला हात लावला. तिकीट नाही, दोरी नाही, "डू नॉट टच" नाही. भाची म्हणाली मावशी, सगळेच लावतात.

आता पुलाचं. ११३५ ते ११४६ मध्ये बांधलेला दगडी पूल, तीनशे मीटरच्या वर लांब, मूळच्या सोळा कमानी, आता पंधरा दिसतात. अकरा वर्षांत बांधला, तोही बाराव्या शतकात, (आमच्याकडे एक फ्लायओव्हर... जाऊ दे). तो झाल्यावर साधारण आठशे वर्षं त्या गावात डॅन्यूब ओलांडायला दुसरा मोठा पूलच नव्हता. क्रुसेडवाले, म्हणजे जेरुसलेमसाठी धर्मयुद्धाला निघालेले राजे त्याच्यावरून गेले. हिटलरच्या सैन्याने १९४५ च्या एप्रिलमध्ये पळता पळता त्याचा काही भाग स्वतःच उडवला, अमेरिकन येऊ नयेत म्हणून. मग दुरुस्ती, मग त्याच्यावरून चक्क गाड्या आणि बसेस. १९९७ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून गाड्या बंद केल्या, २००८ मध्ये बसेसही बंद, आणि २०१० ते २०१८ दुरुस्ती चालली. पूल बांधला अकरा वर्षांत आणि दुरुस्तीला आठ, हे मी भाचीला म्हटलं तर ती म्हणे इथे सगळे हाच जोक मारतात.

पुलावर मधोमध एक छोटा दगडी माणूस बसवलाय, कपाळावर हात धरून कॅथेड्रलकडे बघतोय. गोष्ट अशी सांगतात की पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांची पैज लागली, पूलवाल्याने सैतानाची मदत घेतली आणि बोलीत पुलावरून जाणारे पहिले तीन जीव कबूल केले, आणि पूल झाल्यावर कोंबडा, कोंबडी आणि कुत्रं पुढे हाकललं. सैतान चिडला आणि खालून पूल ढकलायला लागला, म्हणून मधे कुबड आहे. आता मी बँकवाली, तारखा जुळवायची खोड. पूल ११४६ ला संपला आणि आत्ताचं कॅथेड्रल सुरू झालं १२७० च्या पुढे. पैज लागली कशी? पण कुबड खरंच आहे, चढताना गुडघ्याला कळतं.

पुलाच्या पायाशी गावाच्या बाजूला एक बुटकं घर आहे, त्यातून कोळशाचा धूर येत असतो, ती सॉसेजची जुनी खानावळ, वुर्स्टकुखल, निदान पाचशे वर्षं तरी तिथे हेच चाललंय. पूल बांधणाऱ्या मजुरांच्या पोटापाण्याची सोय म्हणून सुरुवात झाली असं म्हणतात. बोटभर लांबीची पोर्कची सॉसेज निखाऱ्यावर, खाली आंबवलेला कोबी, सोबत गोड मोहरी. पहिल्या दिवशी नेमका गुरुवार, माझा दत्ताचा वार, म्हणून मी पाव आणि मोहरीच खाल्ली आणि भाचीने माझ्यासमोर सहा संपवली. शुक्रवारी परत गेलो. शुक्रवारची हकीकत सविस्तर सांगत नाही, घरातले वाचतील.

पण मला तिथे जे आवडलं ते खाणं नव्हे. भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. आडव्या रेघा आणि वर्ष, कुठली कमरेला, कुठली डोक्याच्या वर, २०१३ ची पण आहे, त्या जूनमध्ये डॅन्यूब चढली होती. मी त्या रेघांसमोर उभी राहिले आणि मला हसूच आलं, कारण नाशकात पूर किती आला हे आम्हाला कुणी मीटरमध्ये सांगत नाही. गोदेत दुतोंड्या मारुती आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. छातीच्या वर गेलं की सराफ बाजारवाले माल हलवायला लागतात. माझे वडील सायकलवरून जाऊन बघून यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "कमरेला आलंय!" हे मी भाचीच्या एका शेजाऱ्याला सांगितलं, भाचीने मधे दुभाषाचं काम केलं, तो सत्तरीचा माणूस, त्याने आधी नीट ऐकून घेतलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून काहीतरी बोलला. भाची म्हणाली, तो म्हणतोय लहानपणी आम्ही पण तळघराच्या पायऱ्या मोजायचो, पाचवी पायरी बुडाली की आई बटाटे वर आणायची.

तर मंडळी, सांगा, ही गोष्ट मला पन्नास मिनिटांत मिळाली असती का?

आता मुद्द्यावर येते. तिथे सकाळी दहाच्या पुढे आणि संध्याकाळी पाचपर्यंत डॅन्यूबच्या क्रूझ बोटींची माणसं उतरतात. पुलाच्या थोडं खाली बोटी लागतात, मोठ्या बोटींना त्या जुन्या कमानींतून जाता येत नाही, त्यांना बाजूने कालवा आहे. मग छत्रीवाले गाइड, कानात यंत्र लावलेले म्हातारे-म्हाताऱ्या, (मी पण त्याच वयाची, चेष्टा नाही), कॅथेड्रलसमोर गर्दी. त्या वेळात गाव जरा पोस्टकार्डसारखं दिसतं. पाच-सहानंतर बोटी भोंगा देतात आणि ही सगळी माणसं जातात आणि मग गाव कपडे बदलून बाहेर येतं. शब्दशः. वरच्या खिडक्या उघडतात, कुणीतरी गादी झटकतं, पाठीवर भलंमोठं दप्तर घेतलेली पोरगी क्लासहून येतेय, एक बाप सायकलला जोडलेल्या गाडीत दोन पोरं आणि किराणा घालून खडखडाट करत त्या दगडी रस्त्यावरून. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. पुलाखालच्या बेटावर सगळी कॉलेजची पोरं बाटल्या घेऊन बसतात, खाली पाण्यात भोवरे फिरतात, पुलाचे खांब जाड आहेत आणि पाण्याला अरुंद वाटेतून जावं लागतं त्यामुळे ते भोवरे, इतके जोरात की आवाज येतो. मी तिथे रोज जाऊन बसायची. नऊ दिवसांतल्या आठ संध्याकाळी. एकदा पाऊस होता.

आणि तुमच्या ब्रोशरात त्या वेळेला काय असतं? "सायंकाळी ६.३० : भारतीय रेस्टॉरंटमध्ये स्वादिष्ट डिनर". नऊ वाजता हायवेच्या कडेच्या हॉटेलात चेक-इन. म्हणजे नेमके ते चार तास, ज्या चार तासांसाठी जायचं, ते आपण पनीर बटर मसाल्याच्या लाइनीत घालवतो. मला कळतं हो, ग्रुपमध्ये जैन असतात, उपास असतात, डायबेटिसवाले असतात, माझा स्वतःचा गुरुवार असतो. पण मग डबे द्या ना! थेपले द्या, दशम्या द्या, आम्ही बेटावर बसून खाऊ. आख्खं गाव तिथे बसून खातं, आम्हाला कोण हसणार आहे.

गाइडबद्दल पण बोलायचंय. तुमचे गाइड गोड गोड सांगतात. राजा, राणी, किल्ला, सैतान, कोंबडा, हशा. रेगेन्सबुर्गला नॉयफारप्लाट्झ नावाचा चौक आहे, चौकात चर्च, भोवती दुकानं, बाजार भरतो. त्या चौकाच्या जागी पूर्वी ज्यूंची वस्ती होती, शेकडो वर्षं जुनी, शाळा होती, नावाजलेले पंडित होते. १५१९ च्या जानेवारीत सम्राट माक्सिमिलियन वारला, त्याचं संरक्षण संपलं आणि पुढच्याच महिन्यात नगरसभेने ज्यूंना गाव सोडायला लावलं, पाचशेच्या आसपास माणसं, थंडीत. सिनेगॉग म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर पाडलं, घरं पाडली, दफनभूमी उकरली आणि थडग्यांचे दगड लोकांनी आपापल्या घरांच्या भिंतीत मिरवायला बसवले, काही अजून दिसतात. आल्ब्रेख्ट आल्टडॉर्फर म्हणून त्या गावचा मोठा चित्रकार, तो स्वतः नगरसभेत होता, त्याने पाडायच्या आधी त्या सिनेगॉगची चित्रं काढून ठेवली. हाकलणाऱ्यांत पण हाच आणि आठवण ठेवणाऱ्यांत पण हाच, मला त्या माणसाचं काय करावं कळत नाही.

१९९५ नंतर तिथे खोदकाम झालं, खाली वस्तीचे अवशेष निघाले, ते जमिनीखाली जपलेत. आणि वर, सिनेगॉग जिथे होतं त्याच जागेवर, डानी कारावान या इस्रायली शिल्पकाराने २००५ मध्ये पांढऱ्या दगडाचं एक शिल्प केलं, म्हणजे त्या सिनेगॉगचा आराखडाच जमिनीवर उमटवलाय, खांबांच्या जागी बुटके गोल. नाव मिझराख, म्हणजे पूर्व. त्याला कुंपण नाही. मी गेले तेव्हा एक आजी त्या गोलावर बसून आइस्क्रीम खात होती आणि दोन पोरं एका गोलावरून दुसऱ्यावर उड्या मारत होती, एक पडला, रडला, परत उठून उड्या मारायला लागला. मला आधी जरा कसंतरी वाटलं, स्मारकावर काय हे. भाची म्हणाली असंच अपेक्षित आहे मावशी, लोकांनी भेटायचं, बसायचं. मग मी पण बसले. दगड दिवसभराच्या उन्हाने गरम होता.

त्यानंतरही ज्यू परत आले, १९१२ मध्ये नवीन सिनेगॉग बांधलं, ते १९३८ मध्ये नाझींनी जाळलं. त्याच जागेवर परत नवीन बांधलं, ते उघडलं २०१९ मध्ये, हाकलल्याला बरोबर पाचशे वर्षं झाली त्या वर्षी. हे तुमच्या गाइडला सांगायला किती वेळ लागेल? पाच मिनिटं. कोंबड्याच्या गोष्टीला तेवढाच लागतो. आणि कॅथेड्रलच्या बाहेर एका खांबावर ज्यूंची घाणेरडी टिंगल करणारं मध्ययुगातलं शिल्प अजून आहे, काढलं नाही, खाली पाटी लावलीय. ठेवावं का काढावं यावर लोकांत वाद आहेत. ते पण दाखवा. आमच्या ग्रुपमध्ये सगळे शिकलेले असतात, झेपेल आम्हाला.

अजून एक चौक आहे, डाखाउप्लाट्झ. २३ एप्रिल १९४५, अमेरिकन सैन्य जवळ आलेलं, गावात बायका-मुलं जमली, लढू नका, गाव शरण द्या म्हणायला. कॅथेड्रलचा प्रवचनकार योहान मायर तिथे बोलायला उभा राहिला. त्याला पकडलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच चौकात फासावर दिला. सोबत अजून एक साधा कामगार, सत्तरीचा. आणि तीनच दिवसांनी, २७ तारखेला, गाव न लढता शरण गेलं. तीन दिवस! आपण म्हणतो जर्मनीतलं हे जुनं गाव युद्धातून "वाचलं", फोटो छान येतात. कारखान्यांवर बॉम्ब पडले होते, मेसरश्मिट विमानांचा कारखाना तिथे होता, पण जुना भाग बराचसा राहिला. राहण्याचं दुसरं कारण भाचीच्या शेजाऱ्याने सांगितलं, की गाव गरीब होतं. एकेकाळी व्यापाराने गब्बर, मग व्यापार न्यूरेंबर्ग-आउग्सबुर्गकडे सरकला, मग पाडून नवीन बांधायला पैसाच नाही, म्हणून जुनंच राहिलं. युद्धानंतरही घरं पडकी, ओल, एकेका घरात किती बिऱ्हाडं. नंतर हळूहळू दुरुस्त झालं आणि २००६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. आता भाडी विचारू नका.

जेव्हा पैसा होता तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी घरांना उंच मनोरे बांधले, इटलीतल्यासारखे. काही उपयोग नाही, संरक्षण नाही, शेजाऱ्यापेक्षा उंच एवढंच. एक आहे तो नऊ मजली, पन्नास मीटरच्या आसपास, सोन्याचा मनोरा म्हणतात त्याला, तेराव्या शतकातला. मी वर बघत होते तर सहाव्या-सातव्या मजल्यावरून एका पोराने टीशर्ट वाळत घातला. विद्यार्थी राहतात तिथे! गल्लीच्या पुढे एका घरावर बायबलमधला राक्षस गोलिआथ आणि त्याला मारणारा डेव्हिड रंगवलेत, सोळाव्या शतकातलं चित्र, गोलिआथ एवढा मोठा की खालून चालणारा माणूस त्याच्या पोटरीएवढा. तिथूनच जवळ ऑस्कर शिंडलर युद्धानंतर राहायचा, घरावर पाटी आहे, ज्याने हजारावर ज्यू माणसं वाचवली तो. पाटी लहान आहे, शोधावी लागते.

जुन्या टाउन हॉलचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथे मी जोरात हसले आणि भाची लाजली. १६६३ ते १८०६ तिथे जर्मन साम्राज्याची संसद भरायची, आणि ती १६६३ मध्ये जी बसली ती उठलीच नाही, म्हणून तिला कायमची संसद म्हणतात. आत गाइडबरोबरच जाता येतं. त्या हॉलमध्ये भिंतीलगत लांब बाकं. जर्मनमध्ये एखादं काम रखडवलं की म्हणतात लांब बाकावर सरकवलं, आणि गाइड म्हणाली की हा वाक्प्रचार इथूनच आला असं सांगतात, नको असलेली कागदपत्रं त्या बाकांत जायची. मी म्हटलं अगं, लांबणीवर टाकलं! आमच्याकडे पण लांबणच! चौतीस वर्षं सरकारी बँकेत काढली मी, मला तो बाक जन्मापासून ओळखीचा.

आणि याच गावात योहानेस केप्लर वारला. ग्रह सूर्याभोवती लंबगोल फिरतात हे ज्याने मांडलं तो. १६३० च्या नोव्हेंबरमध्ये तो इथे आला कशाला? पगाराची थकबाकी मागायला! सम्राटाकडे त्याचे वर्षानुवर्षांचे पैसे अडकले होते, बडी मंडळी गावात जमली होती, म्हणून हा थंडीत घोड्यावरून आला, तापाने पडला आणि दोन आठवड्यांच्या आत गेला. पैसे मिळालेच नाहीत. पुढच्या काही वर्षांत लढायांमध्ये दफनभूमीच उद्ध्वस्त झाली, त्याची कबर पण नाही उरली. ज्या घरात गेला तिथे म्युझियम आहे. मी त्या घरासमोर उभं राहून आमच्या ब्रँचमधल्या शिपाईमामांना आठवत होते, त्यांचं एरियर्सचं प्रकरण, ते रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी दर महिन्याच्या दहा तारखेला चहाला यायचे आणि "मॅडम, आलं का काही?" विचारायचे. ग्रहांची गती मोजणाऱ्याला पण तेच विचारत यावं लागलं.

रविवारी दुकानं बंद असतात, शॉपिंगची मंडळी कुरकुरतील हे माहितीये. पण रविवारी सकाळी दहाला कॅथेड्रलमध्ये मुलांचा गायक संघ गातो, डोमश्पाट्झन, म्हणजे कॅथेड्रलच्या चिमण्या. ९७५ सालची परंपरा. मला त्यातला शब्द कळला नाही, धर्म आपला नाही, मी मागच्या बाकावर बसले आणि वरच्या रंगीत काचांतून लाल-निळा उजेड समोरच्या बाईच्या पांढऱ्या केसांवर सरकत होता तो बघत बसले. मिस्टरांना आवडलं असतं, ते पहाटे रेडिओवर भजनं लावायचे आणि आम्ही ओरडायचो.

तर मागणी साधी आहे. बारा दिवसांत सात देश करा, मी नको म्हणत नाही, आयुष्यात एकदाच जाणारे लोक असतात, त्यांना आयफेल टॉवर पाहिजे, पाहिजेच. पण जर्मनीतला एक मुक्काम हायवेवरून उचला आणि जुन्या गावात टाका. रेगेन्सबुर्गच पाहिजे असं नाही. बांबेर्ग आहे, ल्युबेक आहे, क्वेडलिनबुर्ग आहे, गोस्लार आहे, तुमच्या रूटला बसेल ते घ्या. बस जुन्या भागात शिरत नाही, पार्किंगपासून बॅगा ओढत न्याव्या लागतील, हॉटेलला लिफ्ट नसेल, बेचाळीस खोल्या एका जागी मिळणार नाहीत, हे सगळं मला भाचीने समजावलं, कारण तिचा नवरा असल्याच धंद्यात आहे आणि तो माझ्यावर हसला. मग दोन हॉटेलांत वाटा. एका रात्रीची छोटी बॅग वेगळी भरायला सांगा, मोठ्या बसमध्येच राहू देत. आम्ही चारधाम केलेली माणसं आहोत, एका जिन्याला काय घाबरणार. दर थोडा वाढला तर ककू क्लॉकचं दुकान कापा, तिथे तसंही आम्ही फक्त किंमत बघून बाहेर येतो.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या सोळा जणांना जायचंय. चौकशीला ते मलाच पुढे करतात कारण मी "एकटी जाऊन आलेली". ज्याच्या ब्रोशरात जुन्या गावातली एक रात्र आणि सहा ते दहा मोकळा वेळ असं छापलेलं असेल त्याच्याकडे सोळा बुकिंगं. ब्रोशर पोस्टाने पाठवलं तर बरं, मोबाइलवर अक्षरं दिसत नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
नाशिकची एक रिटायर्ड बँकवाली

ता. क. : रस्ते गोट्यांचे आणि दगडांचे आहेत, पाऊस पडला की निसरडे. बायकांना आधीच सांगा, टाचेच्या चपला आणि नवीन बूट नकोत. माझ्या एका चपलेचा अंगठा दुसऱ्याच दिवशी पुलाच्या कुबडावर तुटला, आणि तिथे चांभार शोधायला आम्हाला अख्खा दिवस लागला.